बाळ पायाळू होतं का?

माझ्या उजव्या कुशीत मूत्रपिंड नाही, हे मला चाळिशी उलटून गेल्यावर कळलं. लघवीला जळजळ होत होती, मधे हुडहुडी भरून ताप येऊन गेला होता, म्हणून डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी सांगितली. रेडिऑलॉजिस्ट बाईंनी डावीकडची मोजमापं पटापट घेतली, उजवीकडे आल्या आणि तिथेच अडल्या. पुन्हा जेल लावलं. मला कुशीवर वळवलं, श्वास रोखून धरायला सांगितला. प्रोब बरगड्यांखाली फिरला, पाठीकडे गेला, तिथून खाली ओटीपोटापर्यंत आला. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "मुलं किती?"

"एक. मुलगी."

"सिझेरियन?"

"हो."

"बाळ पायाळू होतं का?"

होतं. आणि दिवस पूर्ण भरायच्या आधी झालं होतं, हेही त्यांनी पुढच्या प्रश्नात जवळजवळ ओळखलंच. मी थक्क. शोधायला निघाल्या मूत्रपिंड, आणि बोलतायत माझ्या बाळंतपणाबद्दल. त्यांनी प्रोब ओटीपोटावर स्थिर धरला आणि म्हणाल्या, "उजवं मूत्रपिंड मुळातच तयार झालेलं नाही. असं दिसलं की मी गर्भाशय बघितल्याशिवाय सोडत नाही. तुमचं गर्भाशय एका बाजूचंच आहे, डाव्या. उजवा अर्धा भाग नाही."

सिझेरियन करणाऱ्या डॉक्टरांनीही टाके घालताना गर्भाशयाच्या आकाराबद्दल काहीतरी म्हटलं होतं खरं. पण त्या वेळी सगळ्यांचे कान बाळाच्या रडण्याकडे, माझेही. नंतर ना त्यांनी विषय काढला, ना मी. एकशिंगी गर्भाशयात जागा कमी असते, त्यामुळे बाळाला डोकं खाली करून वळायला वाव मिळत नाही आणि कळाही लवकर सुरू होतात. हे सगळं समजण्यासारखं होतं. न समजण्यासारखं एवढंच, की याचा मूत्रपिंडाशी काय संबंध?

शाळेत आपण उत्सर्जन संस्था आणि प्रजनन संस्था असे दोन धडे वाचतो. पहिल्या धड्यात घेवड्याच्या बीसारखी दोन मूत्रपिंडं, दोन नळ्या आणि एक पिशवी. दुसरा धडा शिक्षक घाईघाईने उरकतात किंवा घरी वाचून यायला सांगतात. दोन्ही आकृत्या एकाच शरीराच्या एकाच भागातल्या आहेत, एकीवर दुसरी ठेवली तर नळ्या एकमेकींना छेदतील, काही ठिकाणी तर एकच नळी दोन्हीकडे मोजली जाईल, हे कुणी सांगत नाही. नकाशात दोन देश दाखवावेत तशी सीमा आखलेली. वैद्यकातही पुढे तीच आखणी चालते. एक डॉक्टर लघवीचे, एक मूत्रपिंडाचे, एक बायकांचे. पेशंट मात्र एकच.

त्या दिवसानंतर मी वाचायला लागले. गर्भशास्त्राची पुस्तकं सामान्य माणसासाठी लिहिलेली नसतात, पण गोष्ट मात्र अशी आहे, की एकदा हाती लागली की सोडवत नाही.

गर्भ चार आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या पाठीच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना, पेशींचा एकेक उंचवटा उभा राहतो. मूत्रपिंडं त्याच पट्ट्यातून येतात आणि वृषणं किंवा अंडाशयंही त्याच पट्ट्यातून. म्हणजे हे दोन शेजारी नंतर कधीतरी जवळ राहायला आले असं नाही. त्यांचा जन्मच एका जागी झालेला आहे. बरं, मूत्रपिंड एकदा तयार झालं आणि झालं, असंही नाही. माणसाच्या गर्भात मूत्रपिंडं तीनदा बनतात. पहिली जोडी मानेच्या भागात उमटते आणि कसलंही काम न करता विरून जाते. दुसरी तिच्या खाली, छाती-पोटाच्या पातळीवर तयार होते आणि काही आठवडे खरोखर थोडीफार लघवी तयार करते. तिसरी जोडी पाचव्या आठवड्यात ओटीपोटापाशी सुरू होते. आपण जन्मभर वापरतो ती हीच.

दुसऱ्या जोडीकडून एक नळी निघते आणि खाली मूत्राशयाच्या जागेपर्यंत जाते. कास्पार फ्रीड्रिख वोल्फ या जर्मन शास्त्रज्ञाने १७५९ साली कोंबडीच्या गर्भाच्या अभ्यासात या भागाचं वर्णन केलं, म्हणून तिला वोल्फची नळी म्हणतात. सगळी गंमत या नळीत आहे. तिच्या खालच्या टोकाला एक कोंब फुटतो. तो कोंब वर वाढत जाऊन पेशींच्या एका गोळ्यात शिरतो, आणि त्याच्या स्पर्शाने त्या गोळ्याचं मूत्रपिंड होतं. कोंब फुटलाच नाही, तर मूत्रपिंड नाही. गोळ्याकडून संदेश आला नाही, तर कोंब वाढत नाही. दोघांपैकी एकाला दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरं मूत्रपिंड तयार झाल्यावर दुसऱ्याची गरज संपते. ते ओसरतं. पण त्याची नळी तशीच शिल्लक असते, आणि गर्भ मुलाचा असेल तर वृषण ती ताब्यात घेतं. मोठ्या भावाला आखूड झालेला सदरा धाकट्याच्या अंगात जावा, तितक्या सहज. तीच नळी पुढे अधिवृषण होते, शुक्रवाहिनी होते, शुक्राशय होते. जुन्या मूत्रपिंडाच्या उरलेल्या काही बारीक नळ्याही फुकट जात नाहीत. वृषणातून शुक्राणू बाहेर काढायचं काम त्यांना मिळतं. म्हणजे जगातल्या प्रत्येक पुरुषाचं वीर्य ज्या वाटेने येतं, ती वाट मुळात लघवीसाठी खोदलेली होती.

बेडकाने तर ही अदलाबदल करायचे कष्टही घेतलेले नाहीत. नर बेडकात आजही शुक्राणू वृषणातून निघतात, थेट मूत्रपिंडात शिरतात आणि लघवी जिथून वाहते त्याच नळीतून बाहेर पडतात. कॉलेजात बेडूक कापताना आम्ही त्या नळीला मूत्रजनन नळी असं नाव लिहिलं होतं, चित्र काढलं होतं, त्याचे मार्कही मिळाले होते. त्या नावात काय लिहिलंय ते वाचावंसं कुणालाच वाटलं नव्हतं.

मग गर्भाशय कुठून येतं? तर योहानेस म्युलर नावाच्या शास्त्रज्ञाने १८३० साली वर्णन केलेली दुसरी एक नळी आहे. साधारण सहाव्या आठवड्यात ती वोल्फच्या नळीशेजारी, तिच्याच आधाराने खाली उतरते. डावी आणि उजवी अशा दोन म्युलर नळ्या मधे येऊन एकमेकींना मिळतात, त्यांचं गर्भाशय होतं. वरची न जुळलेली टोकं म्हणजे गर्भनलिका. पण म्युलरची नळी स्वतःहून वाट काढू शकत नाही. शेजारी वोल्फची नळी नसेल तर ती वाढतच नाही. माझ्या उजव्या बाजूला पाचव्या आठवड्याच्या आसपास वोल्फच्या नळीचं काहीतरी बिनसलं असणार. मग कोंब फुटला नाही, मूत्रपिंड झालं नाही. आणि म्युलरच्या नळीला सोबत मिळाली नाही, म्हणून गर्भाशयाचा उजवा अर्धाही नाही. उजवं अंडाशय मात्र शाबूत आहे, कारण ते नळीतून येत नाही. एका घटनेचे दोन परिणाम, दोन वेगळ्या धड्यांत वाटले गेलेले.

एकच मूत्रपिंड घेऊन जन्मणारी माणसं हजार-दोन हजारांत एखादं असतात. बहुतेकांना कळतही नाही, कारण दुसरं मूत्रपिंड वाढून दोघांचं काम करतं. अशा स्त्रियांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शात गर्भाशय किंवा योनीच्या रचनेतही काही ना काही वेगळेपण सापडतं. मला सगळ्यात जास्त खटकतं ते यापुढचं. काही मुलींमध्ये गर्भाशयाचे दोन भाग असतात आणि त्यातल्या एका बाजूची वाट बंद असते. मूत्रपिंड नसतं तेही नेमकं त्याच बाजूला. पाळी सुरू होते, एका बाजूने रक्त येतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. दुसऱ्या बाजूचं रक्त आत साठत राहतं. दर महिन्याला मुलगी कळवळते आणि तिला सांगितलं जातं की पाळीत दुखतंच, सहन कर. या मुलीला एकच मूत्रपिंड आहे ही गोष्ट कधी कधी तिच्या जन्माआधीच्या सोनोग्राफीत नोंदलेली असते. तो कागद आणि ही तक्रार एका टेबलावर यायला बारा-तेरा वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. एक मूत्रपिंड असलेल्या मुलीची वयात येण्याच्या सुमारास ओटीपोटाची सोनोग्राफी करून घेणं हा काही मोठा खर्चाचा किंवा त्रासाचा उपाय नव्हे. मुलांमध्येही असंच. जन्मतः एक मूत्रपिंड नसलेल्या मुलाला त्या बाजूची शुक्रवाहिनी नसू शकते, आणि हे लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावर उजेडात येतं.

सहाव्या आठवड्याचा गर्भ मुलगा असो वा मुलगी, त्याच्याकडे वोल्फच्या आणि म्युलरच्या अशा दोन्ही नळ्या असतात. कोणती ठेवायची हे नंतर ठरतं. आल्फ्रेड जोस्त या फ्रेंच संशोधकाने १९४० च्या दशकात सशाच्या पोटातल्या गर्भांवर शस्त्रक्रिया करून त्यांच्या जननग्रंथी काढून टाकल्या. सगळ्या पिल्लांमध्ये गर्भाशय वाढलं, नरांमध्येही. म्हणजे वृषणाकडून दोन हुकूम जावे लागतात: एक वोल्फची नळी टिकवण्याचा, तो टेस्टोस्टेरॉन देतं, दुसरा म्युलरची नळी मोडण्याचा, त्यासाठी वेगळंच संप्रेरक असतं. मोडतोडही पूर्ण होत नाही म्हणा. पुरुषाच्या वृषणाच्या माथ्यावर म्युलरच्या नळीचा एक इवलासा तुकडा लोंबत राहतो. सात ते बारा वर्षांच्या मुलांमध्ये तो कधी कधी पीळ पडून असह्य दुखतो. अपेंडिक्स म्हणतात त्यालाही, पण गर्भ मुलीचा असता तर याच तुकड्याचं गर्भनलिकेचं टोक झालं असतं. स्त्रीच्या योनीच्या भिंतीत वोल्फच्या नळीच्या अवशेषातून कधी कधी गाठ होते, ती याच्या उलट बाजूची आठवण.

वृषण जन्मतं मूत्रपिंडाजवळ आणि राहायला जातं दूर, पोटाबाहेरच्या पिशवीत. शुक्राणूंना थंडावा लागतो, म्हणून हा खटाटोप. सातव्या महिन्याच्या सुमारास ते जांघेतून खाली उतरू लागतं आणि जाताना आपली शुक्रवाहिनी मागे ओढत नेते. तिला आता मूत्राशयामागे परत यायचं तर वाटेत मूत्रवाहिनी आडवी येते. ती वरून वळसा घालून जाते. कुणी आराखडा काढून बांधलं असतं तर इतका फेरा ठेवलाच नसता. पण इथे बांधकाम आधी आणि नकाशा नंतर, असा प्रकार आहे.

जागा बदलली तरी जुने धागे तुटत नाहीत. वृषणाला रक्त पुरवणारी धमनी आजही मूत्रपिंडाच्या धमनीच्या जरा खाली, महाधमनीवरूनच निघते. डाव्या वृषणाची शीर तर थेट डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेतच जाऊन रिकामी होते. उजवीची सोय वेगळी आहे. त्यामुळे वृषणाभोवतीच्या शिरा फुगण्याचा त्रास बहुतेक वेळा डावीकडेच दिसतो. ती फुगवटी आडवं झाल्यावरही ओसरत नसेल, किंवा अचानक उद्भवली असेल, तर हुशार डॉक्टर आधी मूत्रपिंड बघतो. तिथल्या गाठीने वाट अडवलेली असू शकते.

मज्जातंतूंचंही तेच. मुतखडा ज्याला झालाय त्याला विचारा. खडा मूत्रवाहिनीत, पण कळ कुशीतून निघते ती जांघेत आणि पुरुषाला थेट वृषणात जाते, बाईला योनीच्या ओठांपर्यंत. ओळखीचे एक गृहस्थ रात्री दोन वाजता वृषणात दुखतंय म्हणून लाजत लाजत दवाखान्यात गेले आणि पाठीत इंजेक्शन मिळतंय का काय या भीतीने अर्धमेले झाले. तपासणाऱ्या मुलीने मात्र त्यांच्या कुशीवर हलकी थाप मारून बघितली, ते किंचाळले, आणि निदान झालं. दोन्ही अवयवांच्या वेदना पाठीच्या कण्यात एकाच मजल्यावर पोचतात, त्यामुळे मेंदूचा गोंधळ होतो.

पुरुषाच्या शरीरात या दोन संस्था शेवटच्या वीसेक सेंटिमीटरला उघडउघड एकच वाट वापरतात. वाट एक, माल दोन, आणि दोन्ही एका वेळी चालत नाहीत. वीर्यपतनाच्या क्षणी मूत्राशयाचं तोंड घट्ट मिटतं. लघवी आम्ल असते, शुक्राणूंना ती मानवत नाही, म्हणून मूत्रमार्गातल्या छोट्या ग्रंथी आधी थोडा अल्कधर्मी स्राव सोडून वाट धुऊन घेतात. या सगळ्याच्या नाक्यावर बसलेली ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट. तिचा उगम मूत्रमार्गाच्या भिंतीतला, वाढ वृषणाच्या संप्रेरकावर, काम वीर्यात भर घालण्याचं आणि म्हातारपणी त्रास लघवीचा! साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट वाढलेली असते, ऐंशीनंतर तर बहुतेकांची.

इथे मला एक बोलायचंच आहे. लघवीची धार सुटावी म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या मूत्राशयाचं तोंड सैल करतात. काम होतं, पण काही पुरुषांचं वीर्य मग बाहेर येणं थांबतं. ते मूत्राशयात मागे जातं किंवा सुटतच नाही. शरीराला त्याने इजा होत नाही, पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. पण हे आधी सांगितलं नसेल तर माणूस हादरतो, आणि कुणाला विचारणार? लघवीच्या डॉक्टरांना तो हे विचारत नाही, बायकोला सांगत नाही, गोळी परस्पर बंद करतो. एका वाक्यात सांगता येण्यासारखी गोष्ट आहे. मधुमेहातही असं होऊ शकतं. मूल हवं असेल तर लघवी खाण्याच्या सोड्याने सौम्य करून तिच्यातून शुक्राणू वेगळे काढता येतात आणि त्यांच्यावर गर्भधारणा होऊ शकते, इतकी ही वाट दोन्ही बाजूंनी मोकळी आहे.

बाईच्या शरीरात दारं वेगळी. म्हणून तिच्या बाबतीत हे दोन विषय वेगळे मानणं सोपं जातं, आणि तिथेच फसगत होते. तिचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा आणि योनीला अगदी लागून. समागमानंतर जंतू सहज वर सरकतात. आयुष्यात एकदा तरी लघवीचा जंतुसंसर्ग निम्म्या स्त्रियांना होतो. पण मला सांगायचंय ते पाळी गेल्यानंतरचं.

माझ्या आईला साठीनंतर दर दोन महिन्यांनी उन्हाळी लागल्यासारखं व्हायचं. लघवी तपासायची, जंतू सापडायचे, प्रतिजैविकाचा कोर्स व्हायचा. बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. तिला पाणी प्या, स्वच्छता ठेवा असं इतक्या जणांनी सांगितलं, की स्वतःच्याच स्वच्छतेवरचा तिचा विश्वास उडाला होता. दिवसातून तीन-तीनदा साबणाने धुवायची, आणि त्याने आग आणखी वाढायची. प्रश्न स्वच्छतेचा नव्हताच. योनी, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा तळ, तिन्ही ठिकाणी इस्ट्रोजेन हे स्त्रीचं संप्रेरक ओळखणाऱ्या पेशी असतात, कारण तो सगळा एकाच मातीचा भाग आहे. इस्ट्रोजेन असतं तोवर योनीच्या अस्तरात साखर साठते, तिच्यावर लॅक्टोबॅसिलस जंतू जगतात, ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात आतड्यातले उपद्रवी जंतू टिकत नाहीत. पाळी गेली की अस्तर पातळ होतं, आम्ल कमी होतं, राखण उठते. १९९३ साली राझ आणि स्टॅम या दोघांनी वारंवार संसर्ग होणाऱ्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देऊन बघितलं. क्रीम लावणाऱ्यांना वर्षाकाठी सरासरी अर्ध्या वेळा संसर्ग झाला, न लावणाऱ्यांना जवळजवळ सहा वेळा. हे इतकं जुनं आणि इतकं स्पष्ट आहे. तरी आईला ते क्रीम मिळायला चार वर्षं आणि एक नवी डॉक्टर लागली. २०१४ मध्ये तज्ज्ञांनी या त्रासाचं नावच बदललं आणि योनीच्या कोरडेपणाबरोबर मूत्रमार्गाचाही उल्लेख त्यात घातला. कागदावर तरी दोन धडे एकत्र आले.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत तर हा शेजार सेंटिमीटरवर येतो. मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या धमनीखालून, गर्भाशयमुखापासून दीड-दोन सेंटिमीटर अंतरावरून जाते. धमनी बांधताना मूत्रवाहिनीचा जीव मुठीत असतो, आणि शस्त्रक्रिया शिकणाऱ्या प्रत्येकाला तिथे हात जरा थांबवायला शिकवतात.

आता उलटी बाजू. बाळंतपणाला लघवीची किती गरज असते? गर्भाचं तिसरं मूत्रपिंड तिसऱ्या महिन्यात काम करू लागतं. ती लघवी कुठे जाते? गर्भजलात. दिवस भरत येतात तेव्हा पोटातलं बाळ दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त लघवी करत असतं, आणि तेच पाणी पितही असतं. गर्भारपणाच्या उत्तरार्धातलं गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच. किळस करायचं कारण नाही. जन्माआधी रक्तातली घाण काढण्याचं काम वार करते, त्यामुळे ही लघवी जवळजवळ पाणीच असते. पण ती नसली तर काय होतं ते शिकागोच्या एडिथ पॉटर यांनी १९४६ साली नोंदवलं. दोन्ही मूत्रपिंडं नसलेली बाळं त्यांनी तपासली. चेहरे दबलेले, हातपाय वाकलेले, आणि फुफ्फुसं चिमुकली. पाण्याशिवाय फुफ्फुसं फुलत नाहीत. ही बाळं मूत्रपिंडाअभावी नव्हे, श्वासाअभावी जात. माझी मुलगी पोटात असताना सोनोग्राफीत "पाणी पुरेसं आहे" हे वाक्य ऐकून मी सुटकेचा श्वास टाकायची, तेव्हा खरं तर तिच्या मूत्रपिंडाची खबर मला मिळत होती. मला स्वतःला एकच आहे, हे त्याच टेबलावर पडून मला माहीत नव्हतं.

प्रजननाचं जवळजवळ सगळं रसायनशास्त्र लघवीतून शिकलं गेलंय. संप्रेरकं रक्तात फिरतात, काम झालं की मूत्रपिंड ती गाळून टाकतं. शास्त्रज्ञांना रक्त मुबलक मिळत नव्हतं, लघवी मिळत होती. आडोल्फ बुटेनांट यांनी १९३१ साली पुरुषी संप्रेरकाच्या घराण्यातला पहिला पदार्थ शुद्ध रूपात वेगळा केला, तो सुमारे १५,००० लिटर लघवीतून. बर्लिनच्या पोलिसांची होती ती. हाती लागले अवघे १५ मिलिग्रॅम. त्याआधी दोन वर्षं इस्ट्रोजेनच्या कुळातलं पहिलं संप्रेरक गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून मिळालं होतं.

गर्भ राहिलाय का हे ओळखायलाही तीच. १९२० च्या दशकाअखेर बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक गर्भवतीची लघवी उंदरीच्या अंगात टोचून तिची अंडाशयं तपासत. उंदीर मारावे लागत, दिवस लागत. १९४७ मध्ये अर्जेंटिनाच्या कार्लोस गायी माइनीनी यांनी एक सोपी तोड काढली. बाईची लघवी त्यांनी नर बेडकाला टोचली. ती गर्भवती असेल तर तिच्यातल्या संप्रेरकाने बेडकाचे शुक्राणू सुटतात, आणि ते कुठे सापडतात? बेडकाच्या लघवीत! त्याची नळी एकच ना. काही तासांत निकाल, बेडूक जिवंत, पुन्हा वापरता येई. या चाचणीत एका प्राण्याचं मूत्र, दुसऱ्याचं प्रजनन आणि पुन्हा मूत्र अशी साखळी आहे, आणि ती वाचताना मला कॉलेजातली ती मार्क मिळालेली आकृती आठवून हसू आलं. आता बाथरूममध्ये पट्टीवर दिसणाऱ्या दोन रेघाही लघवीतलं तेच संप्रेरक वाचतात.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हाताऱ्या बायकांची आहे. पाळी गेली की अंडाशय प्रतिसाद देत नाही, म्हणून मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी त्याला उठवायला अधिकाधिक संप्रेरक सोडत राहते. उपयोग काही नसतो, ते सगळं लघवीतून वाहून जातं. इटलीत पिएरो डोनिनी यांनी १९४९ साली ते लघवीतून काढण्याची रीत शोधली. पुढे ब्रुनो लुनेनफेल्ड या डॉक्टरांनी ते मूल न होणाऱ्या स्त्रियांना द्यायचं ठरवलं, पण त्यासाठी पाळी गेलेल्या स्त्रियांची लघवी पिंपांनी लागणार, आणि तिच्यात एकाही गर्भवतीची मिसळलेली चालणार नाही. ती खात्री कुठे मिळणार? वृद्ध नन्सच्या आश्रमात. इटलीतल्या आश्रमांतून टँकरने लघवी गोळा झाली, तिच्यातून औषध बनलं आणि १९६२ साली त्या औषधावर पहिलं बाळ इस्रायलमध्ये जन्मलं. पुढे प्रयोगशाळेत पेशी वाढवून ही संप्रेरकं करता येऊ लागली, तरी पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतून काढलेली औषधं आजही टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत टोचली जातात.